शपथ नको, पापड खा

बातमी संदीपने सांगितली. मी मशीनवर बसून शेजारच्या बाईंच्या साडीला फॉल लावत होते. तो कामावरून नेहमीपेक्षा लवकर आला, चप्पल न काढता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आई, अदी गेली." माझा पाय पायडलवरच होता, शिलाई तशीच पुढे गेली, ती मग उसवावी लागली. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात ईश्वरी अदी आलीच नाही. मनात आलं, आता ह्याचं काय? मी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, हात बघितले... सवय आहे, जात नाही. तो म्हणाला, "बघू नको गं, काही नाही घेतलेलं." मग मी चहा ठेवला. रडणं वगैरे जे काही झालं ते बऱ्याच दिवसांनी, भाजीबाजारात, भलत्याच कारणावरून झालं. ते इथे सांगत बसत नाही.

ईश्वरी अदी आमच्या नात्यातली नव्हे. ती सिंधी, उल्हासनगरची, कॅम्प चारची, आणि आम्ही बदलापूर पूर्वेला शिरगावात. सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात. तिला सगळेच अदी म्हणायचे, वकीलसुद्धा आणि पोलीससुद्धा. नोकरीत असताना ती जेलमध्ये कैद्यांशी बोलायचं काम करायची, समुपदेशक म्हणतात तसं. तिच्याकडे जास्त करून नशेची माणसं यायची. निवृत्त झाल्यावर घरी बसेल तर ती अदी कसली. आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी ती बैठक भरवायची. नशेच्या केसमध्ये अडकलेले, जामिनावर सुटलेले, कोर्टाने 'जा' म्हणून सांगितलेले, आणि त्यांच्या आया-बायका. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचे. तेव्हा म्हणाली, "बहिणीला कोण अहो म्हणतं? तुमच्या बदलापुरात म्हणतात काय?" तेव्हापासून माझं नावच बदलापूर पडलं. ती सगळ्यांना गावावरूनच हाक मारायची. एक बाई अंबरनाथ, एक जांभूळ, आणि मी बदलापूर. खऱ्या नावांची तिला गरज वाटत नसावी, किंवा लक्षात राहत नसावीत. विचारलं तर म्हणायची, "नाव पोलीस विचारतात, मी कशाला विचारू?"

माझी तिची भेट कोर्टाच्या व्हरांड्यात झाली. संदीपला गर्दच्या पुडीसकट पकडलं होतं. पुडी लहान, त्याच्या स्वतःपुरती, पण पकडलं ते पकडलंच. त्याच्या आधीची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असणार. आयटीआय केलेला मुलगा, अंबरनाथला पॅकिंगच्या कंपनीत चांगला लागलेला, रात्रपाळीला कुणीतरी दिलं, यानं घेतलं. पुढे आमच्याच सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची तांब्याची वायर एक दिवस नाहीशी झाली, सगळी बिल्डिंग पाण्यावाचून बसली, आणि कुणी काही बोललं नाही तरी जिन्यात माझ्याकडे बघणं बंद झालं. एवढ्यावर समजा. तर त्या दिवशी जामिनाची तारीख होती, आणि माझ्या शेजारी बाकड्यावर एक जाडजूड बाई बसून चिक्की खात होती. डायबेटिस होता तिला, हे नंतर कळलं. संदीपला बेड्या घालून नेत होते आणि मी त्याला म्हटलं, "हे शेवटचं ना रे? सांग ना मला, शेवटचं ना?" तो मान हलवत होता. ती बाई चिक्की चावता चावता म्हणाली, "काय विचारते बाई? तो हो म्हणणार. तू काहीही विचारलं तरी आत्ता हो म्हणणार. त्यापेक्षा त्याला विचार, पाय दुखतात का."

मी तिच्याकडे रागाने बघितलं. पण विचारलं. तो म्हणाला, "खूप दुखतात."

जेलमध्ये नशा मिळत नाही तेव्हा अंग मोडून येतं, उलट्या होतात, झोप लागत नाही. त्याला ही पोरं टर्की म्हणतात. आम्हाला वाटत होतं की आत ठेवलं की आपोआप सुटेल, एकदा अंगातून गेलं की गेलं. आमच्या ह्यांचंही तेच मत होतं. "राहू दे आत थोडा, अद्दल घडेल." अदीने त्या बाकड्यावरच आम्हा दोघांना समजावलं, आणि ते मी नंतर तिच्या तोंडून प्रत्येक नव्या आईला सांगताना ऐकलं. आत राहून नशा सुटत नाही, फक्त अंगाची सवय जाते. मनाची तिथेच असते, गेटबाहेर वाट बघत. माणूस सुटतो, जुने दोस्त भेटतात, तो पहिल्याइतकाच माल घेतो, पण अंगाला आता तेवढा झेपत नाही, आणि तो जातो. "सुटका झाली म्हणून पेढे वाटू नका, बाई," ती म्हणायची. "सुटल्यावरचे दिवसच जास्त वाईट." नोकरीत असताना तिने एकाला चांगलं बोलून, पाठीवर हात ठेवून घरी पाठवलं होतं, आणि तो घरी पोचलाच नाही. त्याच्याबद्दल ती जास्त कधी बोलली नाही. पण तेव्हापासून तिच्या ओळखीचं कुणी सुटणार असलं की ती स्वतः गेटवर जायची, दोस्तांच्या आधी.

संदीपला जामीन झाला तेव्हाही ती गेटवर होती. छत्रीची काठी टेकत उभी. आमचे हे तिला म्हणाले, "मॅडम, आता आम्ही घेऊन जातो घरी." ती म्हणाली, "साईं, घर कुठे पळून चाललंय? आधी माझ्याकडे." ह्यांना ती साईं म्हणायची, सिंधीत मानाने तसं म्हणतात, आणि ह्यांना ते मनातून आवडायचं, पण कबूल कधी केलं नाही. तिच्या घरी गेलो. सिंधी घरात आलेल्या माणसाला आधी पापड आणि पाणी देतात. चहा वगैरे नंतर. अदी पापड थेट गॅसच्या ज्योतीवर भाजायची, चिमट्यात धरून, आणि भाजताना बोलायची, त्यामुळे तिचा पापड एका कडेने नेहमी जळलेला. नेहमी म्हणजे नेहमी. चांगला भाजलेला पापड मी त्या घरात कधी खाल्ला नाही. संदीपपुढे पापड ठेवून ती म्हणाली, "पुट, आजपासून तू इथे कधीही येऊ शकतो. घेतली नाही तरी ये, घेतली तरी ये. घेतली असेल तर आधी पापड खायचा, मग सांगायचं. माझ्याकडे ओरडा मिळत नाही, पापड मिळतो." पुट म्हणजे मुलगा. मग आम्हा दोघांकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही दोघं. घरी नेऊन शपथ-बिपथ घालू नका. माझ्याकडे शपथ चालत नाही."

आम्ही हो म्हटलं.

घरी आल्यावर संध्याकाळी आमच्या ह्यांनी संदीपला माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "आईच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग, पुन्हा हात लावणार नाही." डोकं माझं, पण मला विचारलं कुणी? मी डाळ निवडत होते. संदीपने हात ठेवला. हात गार होता, तेवढं आठवतं. म्हणाला, "आईची शपथ." हे समाधानाने उठले, देवापुढे दिवा लावला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला खाली जाऊन सांगून आले की आता काळजी नाही. तुमच्या-आमच्या घरांत हे असंच होतं. मूल परीक्षेत नापास झालं तर शपथ, सिगरेट ओढताना दिसलं तर शपथ. कायदा नाही, औषध नाही, पण आईचं डोकं असतंच घरात.

पुढे गुरुवार सुरू झाले. मीही त्याच्याबरोबर जायचे, आधी पहारा म्हणून आणि मग मला तिथे बरं वाटायला लागलं म्हणून. बायका स्वेटर विणायच्या, पोरं अंगठ्याने मोबाइल घासत बसायची, अदी मधेच कुणाला तरी टोमणा मारायची. सरकारी दवाखान्यात रोज जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, तिच्याने तलफ मरते, माणूस कामावर जाऊ शकतो. अदीने संदीपचं नाव तिथे लावलं. आमच्या ह्यांनी यावर मोठा वाद घातला. "एक नशा सोडवायला दुसरी नशा? मॅडम, तो सोडतोय की धरतोय?" अदी पत्ते पिसत होती. म्हणाली, "साईं, तुम्ही बीपीची गोळी घेता ना? उद्यापासून बंद करा. मनाचा निश्चय करा, बीपी उतरेल." ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मग ह्यांना कुणीतरी सांगितलं की लांब तिकडे एक केंद्र आहे, तिथे नेऊन सोडायचं, ते महिनोन्महिने कोंडून ठेवतात, उठाबशा काढायला लावतात, दोन ठेवूनही देतात, आणि माणूस सरळ होतो. अदी म्हणाली, "सरळ होतो. मारल्यावर कुत्रंपण सरळ बसतं. दार उघडं टाकल्यावर बघा कुठे जातं." पण दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यालाही ती सोडायची नाही. अंबरनाथवाली एकदा म्हणाली, "मुलाच्या मनात आलं पाहिजे, तोवर कोर्टाच्या जोरावर काय उपयोग?" तर अदी भडकली. "मनात यायची वाट बघतेस? स्मशानात बघशील. येऊ दे की कोर्टाला घाबरून. आधी पाय येतात, मन मागून येतं. मन काय रिक्षाने येतं?"

हे सगळं मी आता एका दमात सांगतेय, पण तिथे ते एवढं शहाणपणाचं वाटायचं नाही. ती हट्टी होती. पत्त्यांत फसवायची, सरळसरळ, आणि पकडलं तर म्हणायची, "माझे डोळे कमजोर." गोड खाऊ नको म्हटलं की बाथरूममध्ये जाऊन खायची, आणि बाहेर आल्यावर पदरावर बुंदी. एखादा मुलगा तिला आवडायचाच नाही, तसं ती तोंडावर सांगायची, आणि तरी त्याच्यासाठी कोर्टात जायची. म्हणायची, "आवडायला मी काय सून बघतेय?"

आता त्या पावसाळ्याचं सांगते. संदीपने अधेमधे एकदा घेतली. आम्हाला कुणाला कळलं नाही. अदीकडे त्या गुरुवारी तो गेला नाही, मला म्हणाला कामावर बोलावलंय. आणि नेमका त्याच आठवड्यात मला ताप आला. डेंग्यू निघाला, प्लेटलेट उतरल्या, दवाखान्यात सलाइनवर ठेवलं. संदीप एकदा येऊन पायथ्याशी उभा राहिला. मी ग्लानीत होते, मला वाटतं मी त्याला ओळखलं नाही. तो गेला, तो परत आलाच नाही. फोन बंद. मधे कोर्टाची तारीख येऊन गेली, हा हजर नाही, त्याच्या नावाने वॉरंट निघालं. आमचे हे माझ्या उशाशी बसून म्हणत होते, "आई मरायला टेकली आणि हा कुठेतरी पडलाय." मला ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायला जीभ उचलत नव्हती.

अदीने त्याला शोधला. गुरुवारच्या पोरांना विचारत विचारत. अंबरनाथला एका बंद पडलेल्या कंपनीच्या भिंतीमागे ही मंडळी बसतात. तिचे गुडघे गेलेले, जमिनीवर बसता येत नाही, म्हणून ती रिक्षात घडीचं स्टूल घालून घेऊन गेली, आणि त्या घाणीत स्टूल मांडून त्याच्या शेजारी बसली.  डब्यात पापड नेला होता, तो मऊ पडला होता, तरी दिला. दुपार कलेपर्यंत दोघं बसून होते. मग तो बोलला. "अदी, मी आईच्या डोक्यावर हात ठेवला होता." म्हणजे काय, तर शपथ मोडली म्हणून आई मरतेय. त्याने दवाखान्यात मला बघितलं आणि त्याचा हिशेब झाला. आपण लांब गेलो, नाहीसेच झालो, तर ती वाचेल. आणि ते सोसवेना म्हणून आणखी घेतली. शिकलेला मुलगा हो, मोटर वाइंडिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेला. पण लहानपणापासून आपणच शिकवलेलं असतं ना, आईची खोटी शपथ घेतली की आईला होतं म्हणून... ते कुठल्या परीक्षेने जाणार?

ती त्याला तिथून थेट दवाखान्यात माझ्या खाटेपाशी घेऊन आली. दोघांच्या अंगाला वास येत होता. संदीपच्या मानेला धरून तिने पुढे केलं. "बघ नीट. जिवंत आहे. हिला डास चावला, तू नाही." नर्स हसली. मग ती ह्यांच्याकडे वळली. "साईं, शपथ तुम्ही घातली ना? आता तुम्हीच काढा." हे म्हणाले, "म्हणजे काय करू?" अदी मला म्हणाली, "बदलापूर, तुमच्यात कशी काढतात?" मी पडल्या पडल्या म्हटलं, "सुटली म्हणायचं." लहानपणी खेळताना म्हणायचो ना आपण, शप्पथ सुटली म्हण, तसं. आमचे हे, केमिकल कंपनीत सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस, सगळ्या वॉर्डासमोर संदीपचा हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "सुटली." अदी म्हणाली, "जोरात." हे पुन्हा म्हणाले, "सुटली!" पलीकडच्या खाटेवरची म्हातारी विचारायला लागली, कोण सुटलं, कोण सुटलं... मला हसू येत होतं आणि सलाइनची सुई दुखत होती.

पण वॉरंट होतंच. आमचा वकील चांगला होता, पोराचं भलं व्हावं असंच त्याला वाटत होतं. तो म्हणाला, सोपं आहे, आई दवाखान्यात होती, कागद आहेत, मुलगा उशाशी होता म्हणून तारखेला आला नाही असं सांगू, मिटलं. ह्यांनाही ते पटलं. कागद खरे, ताप खरा, फक्त मुलगा उशाशी नव्हता एवढंच. अदी म्हणाली, "सांगा. साहेब मानतीलही. पण मग ह्याला एकच गोष्ट कळेल, की घेतली तर आईच्या आजारामागे लपायचं. पुढच्या वेळी आई आजारी नसेल तर काय करणार?" वकील म्हणाला, "अहो, खरं सांगितलं तर आत टाकतील." अदी म्हणाली, "टाकू शकतात." तिने नाही टाकणार असं म्हटलं नाही, हे मला आठवतं. मग सगळ्यांनी संदीपकडे बघितलं.

कोर्टात मी नव्हते, मी अजून उठून चालत नव्हते. हे सांगतात तेवढंच सांगते. न्यायाधीश बाई होत्या. संदीप उभा राहिला आणि म्हणाला, मी घेतली, मी पळून गेलो, आई दवाखान्यात होती पण मी तिथे नव्हतो. बाईंनी विचारलं, "मग आता इथे का आलास?" तो म्हणाला, "सांगायला." त्यानंतर अदीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, हा घसरला ते आजाराचं आहे, हा स्वतःहून आला ते ह्याचं आहे. घसरला म्हणून आत टाकलं तर हा नशा सोडणार नाही, लपवायला शिकेल. रोज गोळी, आठवड्याला तुमच्यासमोर हजेरी, गुरुवारी माझ्याकडे, असं बांधा ह्याला. दोर लहान ठेवा, पण दोर ठेवा." बाईंनी कागद चाळले. मग त्यांनी संदीपला चांगलं झापलं, नवा जामीनदार मागितला, आणि वॉरंट रद्द केलं. तेव्हापासून दर आठवड्याला हा त्यांच्यासमोर उभा राहायचा. बाई चार शब्द विचारायच्या, गोळी चालू आहे का, काम मिळालं का. एकदा म्हणाल्या, "आज चेहरा बरा दिसतोय." घरी येऊन त्याने हे मला तीनदा सांगितलं. आमच्या इतक्या वर्षांच्या उपदेशाने जे झालं नाही ते त्या एका वाक्याने थोडं झालं.

सगळीकडे असं होतं असं मी म्हणत नाही. जांभूळवालीच्या मुलाने दुसऱ्या एका कोर्टात असंच खरं सांगितलं आणि तो आत गेला. त्याची आई अदीला येऊन वाट्टेल ते बोलली. अदीने ऐकून घेतलं, तिलाही पापड दिला, आणि पुढे त्या मुलाला आत भेटायला जात राहिली. ती बाई पुन्हा गुरुवारी आली नाही. बरोबर कोण होतं, मला माहीत नाही.

संदीपने नंतर गुन्हा कबूल केला. कायद्यात तशी सोय आहे, थोडा माल असेल आणि माणूस उपचाराला तयार असेल तर शिक्षेऐवजी हमीपत्रावर सोडतात. उपचार चालू ठेवायचा, तारखेला कोर्टात हजेरी द्यायची, भानगडीत पडायचं नाही, ठराविक मुदतीपर्यंत. ती मुदत अजून संपलेली नाही. म्हणून म्हटलं, अदी गेल्याचं ऐकलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं. तो आता जांभूळकडे पाण्याच्या टाक्यांवर कंत्राटी कामाला आहे, पंपांची वायरिंग बघतो. ज्याने वायर नेली त्याच्याच हातात लोकांनी वायर दिली, याची गंमत आमच्या सोसायटीत अजून करतात, पण आता त्याच्या तोंडावर करतात. ते बरं.

अदीची माझी शेवटची भेट अगदीच साधी झाली. गुरुवार होता, बैठक उठली होती, मी भांडी विसळत होते. तिने पापडांचं पाकीट माझ्या पिशवीत टाकलं, जाड मिरीवाले, तिच्या गल्लीत मिळतात ते. मी म्हटलं, "आहेत गं माझ्याकडे." ती म्हणाली, "तू भाजतेस कसे?" मी म्हटलं, "तव्यावर, फडक्याने दाबून. एकसारखे होतात." तिने कपाळावर हात मारला. "तव्यावर! तो पापड नाही बाई, ती इस्त्री केलेली चादर. आगीवर धर." मी म्हटलं, "तुझ्यासारखा जाळू?" "जळला तर जळला, कडेचं कोण बघतं," म्हणाली, आणि मला जिन्यापर्यंत सोडायलासुद्धा आली नाही, कारण टीव्हीवर तिची मालिका लागली होती. त्यानंतर हार्टचं झालं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बाराव्याला आम्ही गेलो होतो. खोलीभर आपल्यासारखीच माणसं, पोलीसही दोघे-तिघे, साध्या कपड्यांत. तिचा भाचा पुण्याहून आलेला, सज्जन मुलगा, सगळ्यांना विचारत होता, "आप लोग आंटी को कैसे जानते थे?" आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी आमचे हेच पुढे होऊन म्हणाले, "हम लोग गुरुवारवाले."

खोलीला आता कुलूप आहे. गुरुवारी कुठे बसायचं ते अजून ठरत नाहीये. कुणी म्हणतं देवळाच्या मंडपात, कुणी म्हणतं फोनवरच.

तर मागच्या गुरुवारी दुपारी संदीप घरी आला. चप्पल न काढता दारात उभा राहिला, अदीची बातमी आणली होती तेव्हा उभा होता तसाच. म्हणाला, "आई, काल घेतली."

हे खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली आला. मी त्यांचे ओठ बघितले. इतक्या वर्षांचा संसार, पुढचा शब्द कुठला येणार ते मला ओठांवरून कळतं. मी उठले.  स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, पाकीट फोडलं, चिमट्यात पापड धरून ज्योतीवर धरला. बाहेरचा आवाज ऐकायला कान लावून उभी होते, त्यामुळे एक कड जळली.  खुर्ची सरकली तेवढी ऐकू आली, आणि मग माठाचं झाकण. बाहेर आले तर ह्यांनी, ज्यांनी लग्न झाल्यापासून स्वतःच्या हाताने पाणी घेतलेलं मी बघितलं नव्हतं, त्यांनी पाण्याचा ग्लास भरून संदीपपुढे ठेवला होता.

"चप्पल काढ, बस," हे म्हणाले. एवढंच.

तो बसला. पापडाची जळलेली कड त्याने मोडली आणि तीच आधी खाल्ली. म्हणाला, "अदीसारखा झालाय." मग पाणी प्यायला, आणि सांगायला लागला. उद्या सकाळी डॉक्टरकडे आणि पुढच्या तारखेला न्यायाधीश बाईंच्या समोर, हेही त्यानेच ठरवलं. काय होईल माहीत नाही. तव्यावर भाजला असता तर पापड जळला नसता, हे मला माहीत आहे. पण गुरुवारी मी आता तवा ठेवत नाही.